आबांचं हसू आणि सरांचं परीक्षण

टीव्हीवरच्या विनोदी प्रहसनांवरून काढलेल्या त्या सिनेमाची राजानंद सरांनी जिल्ह्याच्या पेपरात अशी काही सालटी काढली, की घनसावंगीच्या शाळेतले सहकारी त्यांना बोलावून बोलावून चहा पाजू लागले. 'डोकं घरी ठेवून आलेल्यांनाच या सिनेमात हसू येईल,' हे वाक्य तर सरांना स्वतःलाच फार आवडलं होतं.

घरात मात्र घोटाळा झाला. सरांची आई गिरिजाबाई गेल्यापासून त्यांचे वडील सर्जेराव, म्हणजे आबा, हसायचे ते फक्त ही प्रहसनं लागली की. त्यातला जाड्या हवालदार धपकन पडला की आबा मांडीवर थापा मारत. त्या संध्याकाळीही हवालदार पडला. आबा गप्प.

"आबा, बरं न्हाई का?"

"मला काय धाड भरलीय? हसू आल्तं, दाबलं. तुझं वाचलं ना मी."

"ते सिनेमाबद्दल होतं, आबा!"

"हवालदार तर तोच हाय ना? पोरगा पेपरात लिहितो अन् बाप बिनडोक्यावानी हसून राह्यला, हे बराबर दिसंल का?"

एका वाक्याच्या हौसेपायी आपण म्हाताऱ्याचं हसू घालवलं, याची सरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी लगेच दुसरा लेख लिहिला. पण सिनेमा चांगला आहे असं सरळ म्हणणं जिवावर आलं, म्हणून लिहिलं, 'वरवर वेडगळ वाटणाऱ्या या सिनेमाच्या तळाशी समाजाचं खोल दुःख आहे.' आबांनी तो लेख दोनदा वाचला आणि स्वतःहून म्हणाले, "चल, दाखव मला."

रविवारी दोघं जीपने जालन्याला गेले. थिएटरात लोक हसून लोळत होते. आबा पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून पडद्यावर दुःख शोधत होते. हवालदार चिखलात पडला.

"अरारा," आबा हळहळले. "पोटासाठी काय काय करावं लागतं मान्साला!"

हे ऐकलं आणि सरांचा बांध फुटला. डोकं घरी ठेवल्यासारखे ते खो खो हसत सुटले.

आबांनी त्यांचा हात घट्ट दाबला. "गप, राजा. लोकं वळखतेत तुला. अन् हसायचं काय त्यात? तूच लिहिलं ना?"

आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.