कोपरापर्यंत हात

याकोबरावांना कोणी काही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "सोता पाह्यलं, का कोनी सांगतलं?" समोरचा शपथेवर सांगत असला तरी ते पायात चपला अडकवत आणि बघायला निघत. बोरी अरबच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेलो. पहिल्याच दिवशी सहज बोलून गेलो, की यवतमाळची मोटार आली. हे गेले, मोटारीला हात लावून आले आणि म्हणाले, "बरोबर हाये तुमचं, गुरुजी." त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

याचं मूळ त्यांच्या कामात होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून बैलबंड्यांतला कापूस पारखायचा, हे त्यांचं काम. वर पांढराशुभ्र आणि खाली पाणी मारलेला, असा माल हटकून येई. याकोबराव बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालत आणि तळाचा कापूस मुठीत धरून डोळे मिटत. पसंत पडला तर हळूच "बरं" म्हणत. "वरचा कापूस सगळ्याइचाच चांगला असते," असं त्यांचं म्हणणं. ही खोड त्यांनी घरीही आणली होती. गव्हाच्या पोत्यात हात, पिण्याच्या रांजणात हात, एकदा तर माझ्या गादीतसुद्धा. रांजणात हात गेला की त्यांच्या पत्नी, शांताबाई, तो ओतून पुन्हा भरायच्या आणि भरेपर्यंत नवऱ्याचा उद्धार करायच्या.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेल्याची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ते तालुक्याला, दारव्ह्याला, जाऊन आले. "होतं तिथंच हाये," म्हणाले.

घर ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीत दर आठवड्याला एकेकाच्या घरी प्रार्थनासभा भरे आणि ज्याचं घर, त्या घरच्या कर्त्याने शेवटची प्रार्थना करायची, अशी रीत होती. याकोबरावांची पाळी आली की चर्चचे पाळकसाहेब त्यांच्याकडे बघत. नेमका तेव्हाच याकोबरावांना चहा उकळला का ते बघायचं असे. स्वयंपाकघरातून आवाज येई, "बाई करन प्रार्थना. तिची वळख हाये."

शांताबाईंची ओळख होती हे मात्र खरं. भाकरी थापता थापता त्या देवाशी बोलायच्या, मीठ संपल्याचं सांगायच्या, नवऱ्याची तक्रारही करायच्या. याकोबराव भिंतीला टेकून ऐकत. एकदा मी त्यांना छेडलं, "सगळं स्वतः बघता, मग देवाचं काम बायकोवर कसं सोपवलं?" मला वाटलं, पठ्ठ्याला बरोबर पकडलं. ते चिडले नाहीत.

"तिथलोक हात पुरत नाही, गुरुजी," ते खाली बघत म्हणाले. "तिनं सांगतलं, मी मानलं. माह्याजवळ इतकंच हाये." मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शांताबाईंच्या पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. पाळकसाहेब, मी आणि याकोबराव त्यांना मोटारीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच ऑपरेशन करायला हवं म्हणून सांगितलं. उशीर झालाय, हेही सांगितलं. आत नेताना शांताबाईंनी नवऱ्याचा सदरा धरला.

"मले गुंगी देऊन राह्यले. मले त्याच्याशी बोलता नाही येनार. आता तुमचं तुमी पाहा."

दार लागलं. पाळकसाहेबांनी टोपी काढली. "या याकोबराव, मी प्रार्थना करतो."

"नाही साहेब," याकोबराव म्हणाले. "या बंडीत हात मलेच घालू द्या." आणि सवयीप्रमाणे त्यांनी बाही वर सारली.

पाळकसाहेबांची प्रार्थना 'हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरू होत असे. याकोबरावांनी डोळे मिटले आणि सरळ बोलायला लागले. "देवा, मी याकोब. बोरीवाला. शांताचा नवरा. तिच्या बोलन्यात माहं नाव आलं असन. तक्रारच असन, पन ती खरी हाये. आजलोक मी तिच्या आडून राह्यलो. आज ती आत हाये, म्हनून मीच आलो. रांजनात हात नाही घालनार म्हटलं असतं, पन घालीन, तुले खोटं कायले सांगू? तिले राहू दे. मले लय भेव वाटून राह्यलं."

शब्द संपले तरी ते तसेच उभे होते, मूठ मिटलेली, डोळे मिटलेले. मग फाटकाशी म्हणत तसं ते हळूच म्हणाले, "बरं."

बऱ्याच वेळाने नर्सबाई बाहेर आल्या. "बाई चांगल्या आहेत. धोका टळला."

मी बाकावर टेकलो. याकोबराव पुढे झाले. "सोता पाह्यलं?"

नर्सबाई आतूनच आल्या होत्या, त्या भडकल्या. पण त्यांनी याकोबरावांना आत सोडलं. ते बायकोच्या तळपायाला हात लावून आले, "गरम हाये," म्हणाले आणि व्हरांड्यातच रडायला लागले. पाळकसाहेब आणि मी हसत होतो, डोळेही पुसत होतो.

संध्याकाळी शांताबाईंना नीट जाग आली. त्यांनी पहिली चौकशी केली, "प्रार्थना कोनं केली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"मंग? होता का तो?"

"होता."

"कशावरून म्हंता?"

याकोबरावांनी जरा विचार केला. "मी बोलून राह्यलो होतो, तं मधात कोनी बोललं नाही. शेवटलोक आयकलं. जिनिंगवर माहं कोनी आयकत नाही. तू बी नाही आयकत." मग बायकोकडे बघत म्हणाले, "तू सांगतलं म्हनून नाही म्हनत आता."

शांताबाईंनी नवऱ्याचा हात आपल्या हातात ओढून घेतला.

"बोला मंग," त्या म्हणाल्या. "मी आयकून राह्यली."

याकोबराव बोलायला लागले. मी चहा उकळला का ते बघायला बाहेर गेलो.