पैलवानाचं वजन

रत्नपाल पाईकरावच्या घरातला बेडूक आजारी आहे की नाही, हे ठरवायला सराफाकडे जावं लागेल असं सुरुवातीला कुणालाच वाटलं नव्हतं. रत्नपालला तर मुळीच नाही. जवळा बाजार या गावात त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, येईल ते तो छापायचा, आणि प्राण्यांशी त्याचा संबंध एवढाच की पुढाऱ्याच्या फोटोमागे तो वाघ टाकून द्यायचा.

बेडूक त्याच्या मुलीचा, शीतलचा. ती नांदेडला प्राणिशास्त्र शिकत होती आणि वसतिगृहातल्या टबात तिनं हे पिल्लू वाढवलं होतं. शेपूट जिरून त्याचा नुकता कुठं बेडूक झाला, तोच रेक्टरबाईंनी त्याला खोलीबाहेर काढलं. म्हणून एका रविवारी ती त्याला टबासकट घरी घेऊन आली. नाव पैलवान. अंगानं सुपारीएवढा.

"पप्पा, लेकरू हाय ते अजून," शीतल म्हणाली. "डोळे साफ हायत का बघायचं, कातडी ओली हाय का बघायचं, मांड्या लाल झाल्या का बघायचं. आन वजन. वजन घटलं की समजायचं आतून काहीतरी बिघडलंय. बाकीचं मागून दिसतं."

"आन न्हाई घटलं तर?"

"तर काहीच करायचं न्हाई. नुसता जीव लावायचा."

रत्नपालनं मान डोलावली. मुलगी पुढं एमएस्सी करणार, तीही बेडकांवरच करणार, आणि तोवर तिच्या लग्नाचा विषय घरात निघणार नाही, असा शब्द त्यानं तिला आधीच दिलेला होता. त्यात बेडकाची भर पडली, एवढंच. त्याची बायको ज्योती मात्र टबापासून चार हात लांब उभी होती. "मी त्याच्याकडं बघणार न्हाई," ती म्हणाली, "आन त्यानं माझ्याकडं बघू नये."

आठ-दहा दिवसांत पैलवान मलूल झाला. त्याला हलणारं, जिवंत खायला घाला म्हणून शीतलनं बजावलं होतं, पण दुकान सांभाळून माणूस किडे पकडणार तरी किती. रत्नपालनं उकडलेल्या अंड्याचा कण दोऱ्याला बांधून त्याच्यापुढं नाचवून पाहिला. पैलवान बघत राहिला आणि रत्नपालचा हात दुखून आला. डोळे साफ होते, मांड्या ठीक होत्या. राहिलं वजन. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यानं त्याला हिशोबातच धरलं नाही. पैलवान चढवला काय आणि उतरवला काय, आकडा शून्य.

एवढं बारीक तोलणारा काटा सराफाकडेच मिळणार. कुलदीपशेठच्या सराफी दुकानाचा बोर्ड रत्नपालनंच छापलेला होता. त्या ओळखीवर तो भरदुपारी, गिऱ्हाईक नसताना, तिथं गेला. शेठनं त्याच्या हातातल्या बरणीत डोकावून पाहिलं.

"जिवंत हाय?"

"ते बघायलाच तं आलो."

शेठनं दागिन्याची लाल डबी आधी रिकामी तोलली, मग पैलवानासकट तोलली, आणि सवयीनं डबीचं वजन वजा केलं. "चार ग्रॅम शंभर मिलीग्रॅम. ओलाव्याची घट धरली तर चारच पकडा."

"पुढच्या हप्त्याला पुन्हा आणतो. वाढलं का घटलं बघावं लागतं."

"आणा. पण पाईकराव, एक शब्द द्या. कुणाला बोलायचं न्हाई, घरी वहिनीलासुद्धा न्हाई. ज्या काट्यावर लोकांची मंगळसूत्रं चढतात त्याच्यावर बेडूक बसतो, हे कळलं तर मला दुकान बंद करून बेडूकच पाळावे लागतील."

रत्नपालनं शब्द दिला. तो शब्दाचा पक्का माणूस होता, आणि पुढची सगळी तकलीफ त्यातूनच झाली.

शेठनं डबीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडली आणि ती गुलाबी कागदात सैलसर गुंडाळून दिली, कारण त्याच्याकडे दुसरा कागदच नव्हता. रत्नपालनं डबी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, एक हात खिशावर धरला आणि मोटारसायकल इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं निघून गेले. असं दर हप्त्याला होऊ लागलं. आठवडी बाजाराला आलेल्या लोकांनी त्याचा एकच अर्थ काढला, आणि तो काढल्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. दिवाळी तोंडावर, पोरगी लग्नाच्या वयाची, आणि बाप सराफाकडून गुलाबी पुड्या घेऊन निघतोय.

ज्योतीच्या कानावर हे आलं तेव्हा तिनं काही विचारलं नाही. भाजीत तेल मात्र वाढलं. रत्नपालच्या ते लक्षातही आलं नाही, कारण पैलवान चार ग्रॅमच्या खाली उतरला होता.

त्याच दिवशी तो सराफाकडून घरी आला, तर ओट्यावर त्याची थोरली बहीण शिवकन्या बसलेली आणि दारात ज्योती उभी. शिवकन्या जवळच्या हट्टा गावी राहायची. भावाच्या पोरीवर आत्याचा पहिला हक्क, तेव्हा शीतल आपल्या मुलाला, सुरजलाच मिळणार, असं ती शीतलच्या बारशापासून धरून चालली होती. शिक्षणाचं कारण सांगून रत्नपालनं तिला कसंबसं थोपवलं होतं. तिनं जयभीम घातला, पण समोरच्या पाण्याच्या तांब्याला हात लावला नव्हता.

"पोरीचं जमवलंस," ती म्हणाली, "आन मला हट्ट्याला भाजीवालीकडून कळून राहिलं."

"कुणी जमवलं, अक्का?"

"मंग सोनं काहून घेऊन राहिला? लग्न न्हाई तर सोनं कशाला? आन लग्न हाय तर माझा सुरज काय वाईट हाय? दिवाळीत साखरपुडा करू म्हण, तवाच पाणी घेते."

रत्नपालपुढं पेच पडला. एक शब्द मुलीला दिलेला, एक सराफाला, आणि दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. मुलीचा मोठा, हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं खिशातली डबी काढली, गुलाबी कागद उलगडला आणि बहिणीपुढं झाकण उघडलं. पैलवान आत बसलेला होता.

"हे तोलतो मी, अक्का. शीतलचं हाय. वजन घटतंय का बघायला."

शिवकन्यानं बेडकाकडे पाहिलं, मग भावाकडे. ती चिडली नाही, हे जास्त वाईट होतं.

"लहानपणी खोटं बोलायचास," ती म्हणाली, "तवा निदान पटंल असं बोलायचास."

शहानिशा करायला ज्योतीसकट तिघंही सराफाकडे गेले. बाजारचा दिवस, दुकानात बायकांची दाटी. एकीचं मंगळसूत्र नेमकं त्याच वेळी काट्यावर होतं.

"शेठ, माझा भाऊ दर हप्त्याला तुमच्याकडं काय तोलतो?" शिवकन्यानं विचारलं.

कुलदीपशेठनं काट्यावरच्या मंगळसूत्राकडे पाहिलं, मग रत्नपालच्या खिशाकडे.

"सोनं," तो म्हणाला. "दुसरं काय तोलणार इथं?"

"शेठ, मला शब्दातून मोकळं करा," रत्नपाल म्हणाला.

"बराबर सोनं. चोख."

शिवकन्यानं सुरजला लावायला मोबाईल काढला. रत्नपालच्या डोळ्यांपुढं शीतल आली. किती विश्वासानं ती आपला बेडूक बापाच्या हवाली करून गेली होती, आणि तोच बेडूक आता तिला मांडवात उभं करायला निघाला होता. रत्नपालला भर दुकानात रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"फोन ठेवा, अक्का," मागं उभी असलेली ज्योती म्हणाली. तिनं पदर नीट केला. "सोनं पोरीचं न्हाई. माझं हाय. लग्नापासून त्यांनी कधी काही केलं न्हाई. आता करून राहिले, तर लाज वाटते सांगायला."

बायकांनी रत्नपालकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत असा आदर होता जो त्याच्या वाट्याला आजवर आला नव्हता. शिवकन्यानं मोबाईल पिशवीत टाकला.

"बायकोला सोनं घेतलं, तर बेडूक दाखवायचा का रं?" तिचा आवाज मऊ झाला होता. "शिकू दे मंग पोरीला. शेठ, पाणी द्या जरा. किती झालं हो?"

"आजचं तीन ग्रॅम नऊशे," शेठ म्हणाला. आता त्यालाही माघार नव्हती.

"दिवाळीला येते बघायला," शिवकन्या म्हणाली आणि तिथूनच हट्ट्याच्या गाडीला गेली.

घरी जाताना ज्योती मोटारसायकलवर मागं बसली होती. बराच रस्ता गेल्यावर रत्नपाल म्हणाला, "बेडूकच हाय, हे तू पाहिलंस ना डबीत?"

"पाहिलं की."

"मंग सोनं?"

"शेठनं सगळ्या बाजारापुढं तोलून सांगितलंय. दिवाळीला अक्का येतील. जेवढं डबीत, तेवढं गळ्यात पाहिजे."

रत्नपालनं मनात सोन्याच्या भावाचा अंदाज घेतला, आणि पैलवान बारीक आहे याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुकान बंद करून आला. ओट्यावरच्या बल्बखाली ज्योतीनं पांढरी चादर बांधली होती. पदर खोचून, हातात चहाची गाळणी घेऊन ती चादरीवरची पाखरं झेलत होती आणि एकेक जिवंत टबात सोडत होती. पैलवान उड्या मारून गिळत होता.

"ज्योती, तू?"

"हळू बोला, खाऊन राहिलाय तो," ती म्हणाली. "शीतलला फोन केला होता मी. पाखरं खाऊ घालते, आता वजन वाढंल म्हटल्यावर लई खूश झाली पोरगी. मोठ्या जातीचा हाय म्हणे. पुरा वाढला की पाव किलोला जातो."