डबा उभा पाहिजे

“ब्रेक! ब्रेक कुणाला इचारून मारला?”

लातूरच्या एका शोरूमच्या दारात चाचणीची गाडी थांबली आणि तिच्यातून आधी महबूबचाचांचा आवाज उतरला. मग एक गुडघा. मग, मधे एक चहा उकळून होईल एवढ्या वेळानं, दुसरा गुडघा. सगळ्यात शेवटी वरणाचा वास.

मागच्या कोऱ्या सीटवर स्टीलचे सात डबे आडवे झाले होते आणि पिवळंधमक वरण थेंबाथेंबानं खाली उतरत होतं. गाडी चालवणारा टायवाला सेल्समन रडायच्या बेतात आला होता.

“काका, समोर म्हैस आली हो!”

“मला मागं बसून दोन फर्लांगावरून दिसली ती! तुमाला म्हैस दिसत न्हाई आन् म्हाताऱ्याला गाडी इकायला निघालाव?”

शिरूर अनंतपाळात मी चाचांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे खोटं बोलत नाही. जरा फुगवून सांगतो, एवढंच.

चाचा सत्तरी ओलांडलेले, उभं आयुष्य ट्रकवर काढलेले. लातुरात शिकवण्यांचं पीक आलं तशी आमच्या गावची निम्मी पोरं तिकडं खोल्या घेऊन डॉक्टर व्हायला बसली. मेसचं जेवण घशाखाली उतरेना, म्हणून इकडं आया डबे करू लागल्या. बाकीच्या गावांचे डबे एसटीनं जातात. आमचे जायचे महबूबचाचांच्या जीपनं. रोज सकाळी सातला, बावीस डबे. कोणता कुणाचा हे चाचा झाकणाला हात न लावता वासावरून सांगत. “ह्यो देशमुखीणबाईचा. तिखट कमी पडलंय आज. पोराची परीक्षा असंल.” आणि खरंच असायची!

त्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं. “गुरुजी, डबा उभा पाहिजे. बाकी दुनिया आडवी झाली तरी चालंल.”

जीप मात्र इतकी उंच की चढताना मी त्यांना मागून ढकलायचो आणि उतरताना लातुरातली चार पोरं खालून झेलायची. शेवटी एके दिवशी डाव्या गुडघ्यानं क्लच दाबायला साफ नकार दिला आणि जीप आमच्या शाळेच्या कुंपणात घुसली. कुणाला खरचटलंही नाही. चाचा उतरले ते आधी मागं जाऊन बावीसच्या बावीस डबे उभे असल्याची खात्री करून आले आणि मग कुंपणाची चौकशी केली.

त्यांची लेक शमीम नांदेडला नर्स. संध्याकाळच्या गाडीनं ती आली, बापाचं लायसन्स उचललं आणि पर्समध्ये टाकलं. “अब्बा, तुम्हाला धड बसता-उठता येईल, समोरचं दिसेल, गुडघ्याला झेपेल, अशी लहान गाडी रविवारपर्यंत सापडली तर हे परत देईन. नाही सापडली तर गाडी चालवणं बंद. डबेही बंद.”

दोन दिवस चाचा अंगणात खाटेवर बसून होते. डबे एसटीनं गेले. ती सुटल्याचा हॉर्न वाजला की चाचांची मान स्टँडकडं वळायची. मी जाऊन बसलो तर मला ‘या’ सुद्धा म्हणाले नाहीत, आणि हा माणूस दगडाशीही गप्पा मारतो. तिसऱ्या दिवशी स्वतः तुरीचं पातळ वरण शिजवलं, सात डबे भरले आणि मला म्हणाले, “चला गुरुजी, गाड्या तपासू.”

“रिकामे डबे नेले तर?”

“रिकामा डबा खोटी साक्ष देतो.”

पहिली गाडी इतकी ठेंगणी, की चाचा बसले ते दिसेनासेच झाले. “गाडी न्हाई, आड हाय ह्यो!” असा आतून आवाज आला. दोघांनी ओढून काढलं, तिसरा दोर आणायला निघाला होता. दुसरी ती म्हशीची. तिसरीच्या डिकीचा काठ चाचांच्या बरगडीला लागत होता. शिवाय तिच्यातली बाई पडद्याआडून बोलत होती. “डावीकडे वळा.” चाचा अदबीनं म्हणाले, “बाईसाहेब, चाळीस वर्सं हितून उजवीकडंच वळतोय.” बाई गप्प झाली. “रुसली,” चाचा म्हणाले आणि तेवढ्यावर ती गाडी बाद झाली.

रविवारी चौथी. शमीम सुट्टी काढून आली होती. या गाडीची सीट बरोबर कमरेइतकी. चाचा आधी बाजूनं टेकले, मग पाय आत घेतले. गुडघा ‘हूं’ सुद्धा म्हणाला नाही. क्लच नव्हताच. समोरची काच ऐसपैस, आणि मागचं दार उघडलं की डबे न उचलता नुसते सरकवायचे.

शमीमनं लायसन्स अर्ध्या तासापुरतं उसनं दिलं आणि मागं बसली. तिचा एक हात माझ्या सीटच्या पाठीवर होता, इतका घट्ट की मलाच धडधडायला लागलं.

शिकवण्यांच्या गल्लीत आलो आणि एक वर्ग सुटला. मी पन्नास हजार पोरं म्हणतो, तुम्ही पाचशे धरा. त्यातली एक पोरगी वहीत डोकं घालून सरळ गाडीपुढं उतरली. मी डोळे मिटले. उघडले तर गाडी उभी होती, आणि पोरगी सूत्र पुटपुटत पलीकडं पोचलीसुद्धा होती. तिला काही कळलंच नव्हतं. चाचांनी ती रस्त्यावर उतरायच्या आधीच वेग कमी केला होता. मागं सातही डबे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या वर्गासारखे ताठ.

शमीमनं श्वास सोडला तो मला मानेवर लागला. मग ती हसायलाच लागली. “मान लिया, अब्बा! पण डब्याचं एवढं काय? पोरं सांडलेलंही खातात.”

चाचांनी गाडी कडेला घेतली.

“भूकंपात जेवणाचा ट्रक घेऊन गेलतो, बेटा. मानसं धावून आली. आमी भ्यालो, वरूनच फेकायला लागलो. मी बी फेकलं. एका बाईनं मातीतली भाकर उचलली, पदरानं पुसली. मला म्हनली, ‘भाऊ, हातात द्यायची व्हती.’” मग म्हणाले, “मी खाली उतरलो बी न्हाई.”

यातलं अवाक्षरही मला पंचवीस वर्षांच्या शेजारात कधी ऐकायला मिळालं नव्हतं. शमीमला तर जन्मात नाही. तिनं पुढं वाकून बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकली. शोरूमपर्यंत तशीच होती. उतरताना तिनं लायसन्स परत मागितलं नाही.

सेल्समन रंगांचा तक्ता घेऊन धावत आला. “काका, पांढरा, लाल, निळा, चंदेरी? कोणता पसंत करताय?”

“जो तयार असंल तो,” चाचा म्हणाले. “उद्या डबे हायत.”