आकडा उतरेपर्यंत

सोनाळ्यातील कोणाचेही ऑपरेशन झाले की गुलाबराव संत्र्यांची पिशवी घेऊन खामगावच्या दवाखान्यात हजर होतात आणि प्रकृती न विचारता आकडा विचारतात. "चढून राह्यला का उतरून राह्यला?" एका नवख्या परिचारिकेने त्यांना सट्टेवाला समजून वॉर्डाबाहेर काढले. ते खिडकीतून विचारू लागले.

हा आकडा सीआरपीचा. जंतुसंसर्ग झाला की रक्तातला हा घटक वाढतो, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी माझा आकडा भलताच वाढलेला दिसताच मी, पेशाने वकील, खाटेवरच डॉक्टरांविरुद्ध नोटिशीचा मसुदा सुरू केला. डॉक्टर म्हणाले, "साहेब, नुसत्या चिरफाडीनेही हा वाढतो. दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. न उतरला तर संसर्ग शोधू." हे मी त्यांच्याकडे लेखी मागितले आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जाण्यासाठी गाडी बोलावली.

गाडीमागोमाग गुलाबराव आले. "किल्ली दे बे इकडे," असे ड्रायव्हरला म्हणून त्यांनी ती स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"गुलाबराव, ही बेकायदेशीर अडवणूक आहे."

"मंग लावा कलम. ताप हाय का तुमाले?"

"नाही."

"जखम वाहून राह्यली?"

"नाही. परंतु आकडा..."

"त्याले उद्या मोजू द्या. मी उठत नाई."

जेवायला ते उठले. पण तेव्हा किल्ली बंडीच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी आकडा उतरला. गुलाबरावांनी किल्ली परत केली. हा हट्ट कशासाठी, असे मी जरा कठोरपणेच विचारले.

"आमच्या घरवालीचा, शांताचा, असाच चढला होता. डॉक्टर म्हने, थांबा. मले वाटलं, लपवून राह्यला. टाके ओले, अन् तिले जीपमंधी घालून अकोल्याले नेलं."

"मग?"

"रस्त्यात टाके तुटले. आतल्या आत रक्त गेलं. तिथं पोचल्याबरोबर त्यायनं रक्त तपासाले घेतलं. रिपोट आला तवा ती नव्हती." ते संत्रे सोलत राहिले. "आकडा उतरला होता, साहेब."

आजवर मी पुष्कळांना प्रतिवादी केले आहे. या प्रकरणात गुलाबरावांनी स्वतःलाच केले होते, आणि शिक्षाही स्वतःच ठरवली होती. मी मसुदा उशीखाली सारला.

अर्धे संत्रे माझ्या हातावर ठेवून ते शेजारच्या खाटेकडे वळले.

"बाई, तुमचा किती?"