कट्ट्यावरचा श्रीपती

आमच्या गावात माणसानं दारू सोडली की त्याच्यातला पिणारा बाहेर येतो आणि त्याच्याच दारासमोरच्या कट्ट्यावर बसतो. दिवेलागणीला येतो, घरातली जेवणं उरकली की उठून जातो. अंगावर तेच कपडे, तोच आवाज, पायात त्याच चपला. फक्त चेहऱ्यावर खुशी जरा जास्त.

याचं कोणाला नवल वाटत नाही. शेजारच्या तालुक्यात असं होत नाही म्हणतात, पण तिथलं पाणी वेगळं. आमच्याकडे सुरुवातीला थोड्या अडचणी आल्या. रेशन दुकानदारानं कट्ट्यावरच्यांची नावं कार्डावर चढवायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं, कारण ते जेवत नाहीत. देशी दारूच्या दुकानदारानंही हात वर केले. त्याचं म्हणणं, परवाना माणसांना दारू विकायचा आहे. त्यामुळे हे लोक नुसते बसून असतात.

बसून बोलतात, आणि खरा घोळ तिथं आहे. आपली एकूण एक दुखणी ठाऊक असलेला माणूस दारात बसून गोड बोलू लागला की घरात जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून आम्ही सोडलेल्या लोकांनी सोबत मंडळ काढलं. पद्धत साधी आहे. आपल्या कट्ट्यावर आपण जायचं नाही, दुसऱ्याच्या जायचं. मी तुझ्यापाशी बसतो, तू माझ्यापाशी बस. दुसऱ्याचा पिणारा आपलं काही वाकडं करू शकत नाही. त्याला बोलण्यात गुंतवायचं, पीकपाणी विचारायचं, निवडणुकीचं काढायचं. घरातल्या कोणी त्याला हाक मारली नाही तर तो हळूहळू विरत जातो. आधी गाणी विसरतो, मग माणसांची नावं, शेवटी स्वतःचं. मग एका संध्याकाळी कट्टा रिकामा असतो.

पण घरातल्यांनी हाक मारली आणि त्यानं ओ दिली, की तो आत. एका घरात दोघं मावत नाहीत. आतला मग आपोआप बाहेर येतो.

माझा आता फक्त गटारीला येतो. चपला काढून बसतो, तब्येत विचारतो, जातो. माझ्या घरात हाक मारायला कोणी उरलेलं नाही, त्यामुळे माझं प्रकरण लवकर मिटलं. लोक याला माझा निग्रह म्हणतात. मीही खोडून काढत नाही.

मी पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतो. संध्याकाळी हात मोकळे असतात, म्हणून मंडळानं मला श्रीपती गुरवाचा कट्टा दिला. श्रीपती लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. असा वाजवायचा की वरातीतले घोडेसुद्धा चालायचे थांबत. प्यायल्याशिवाय त्यानं ते वाद्य कधी हातात घेतलंच नव्हतं, आणि ही गोष्ट दारू सोडल्यावर त्याच्या लक्षात आली. ओठ लावले की नुसती हवा जायची. मग त्यानं क्लॅरिनेट खुंटीला अडकवलं आणि तो गप्प झाला. गप्प म्हणजे किती, तर भाजीत मीठ नसलं तरी सांगेना.

कट्ट्यावरचा श्रीपती मात्र मोठा गोड माणूस. मांडीवर बोटं नाचवत, सूर गुणगुणत बसायचा. मी निवडणुकीचं काढलं की म्हणायचा, "मामा, ऱ्हाऊ द्या की ते. त्यापरास तुमच्या लग्नात काय वाजवलं हुतं ते सांगा."

मी निवडणुकीचंच बोलत राहायचो. नियम तो नियम.

घात झाला तो एका हाकेनं. श्रीपतीची बायको शेवंताक्का. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. डोहाळजेवणात, पूजेला उखाण्यात घेतील तेवढंच. एरवी "अहो." त्या संध्याकाळी तिनं भाकरी तव्यावरून काढली आणि सवयीनं हाक मारली, "अहो, ताट वाढलंय, या."

श्रीपती तेव्हा मोरीत चूळ भरत होता. तोंडात पाणी असलेला माणूस ओ कशी देणार? माझ्या शेजारी कट्ट्यावर बसलेला म्हणाला, "ओ, आलो." आणि उठला. मी त्याचा सदरा धरायला गेलो, हातात काहीच आलं नाही. तो उंबरा ओलांडून गेला, आणि माझ्या शेजारी श्रीपती बसलेला होता. गाल फुगलेले, चूळ तोंडात तशीच.

त्यानं ती गटारात टाकली आणि दाराकडं बघत राहिला. आत पाटावर तो जेवायला बसला होता.

"मामा, आता?" श्रीपती म्हणाला.

"आता मंडळात विषय घ्यावा लागेल," मी म्हणालो.

विषय घेतला. समाजमंदिरात बैठक बसली तर श्रीपतीच्या खुर्चीवर आधीच त्याच्यातला पिणारा येऊन बसलेला. खोलीभर वास. आमचे अध्यक्ष मगदूम गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, कायद्यानं चालणारे. त्यांनी चष्मा पुसला.

"आपण कोण?"

"श्रीपती गुरव. सभासद."

"सभासद दारू सोडलेला असावा लागतो."

"गुरुजी, घरात ऱ्हातो त्यो खरा का कट्ट्यावर ऱ्हातो त्यो? मी घरातला हाय. घरच्या मालकिणीनं हाक मारून आत घेतलंया."

गुरुजींनी नियमांची वही चाळली. मग म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे." खुर्ची त्याच्याकडे राहिली. चहा मात्र द्यायचा नाही असं ठरलं. मग गुरुजींनी विचारलं, आता कट्ट्यावर जो आहे त्याच्यापाशी कोण बसणार? मी हात वर केला.

निघताना तो पिणारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्याला बोलण्यात गुतवा हं मामा. हाका मारत बसतोय त्यो. आमाला घास जाईना." मी इतकी वर्षं लोकांना जे सांगत आलो तेच तो मला सांगत होता.

इथून पुढं माझं काम उलटं झालं. एरवी कट्ट्यावरच्यानं विसरावं म्हणून बसायचं, आता यानं विसरू नये म्हणून. गाणी तर त्याच्याकडे नव्हतीच, त्यामुळे विसरणं थेट नावांपासून सुरू झालं. मी त्याला रोज पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घ्यायचो. बायकोचं नाव काय? शेवंता. मुलगी कुठं दिली? कागवाडला. तिचं नाव? इथं तो थांबायचा. त्याच्या सदऱ्यातून मागच्या भिंतीचा चुना दिसू लागला होता.

आत सुरुवातीला क्लॅरिनेट वाजलं. खरं सांगतो, तसं क्लॅरिनेट मी पुन्हा ऐकलं नाही. गल्लीतले लोक जेवता जेवता थांबायचे. पुढं वाजवणं कमी झालं आणि पडणं वाढलं. भांड्यांचे आवाज येऊ लागले. कोणीतरी रडतंय असं वाटायचं, पण शेवंताक्काचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. तोच रडत असेल.

एकदा ती पाणी भरून येताना मी तिला गाठलं. विचारू नये ते विचारलं. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी हाक चुकूनच गेली ना?"

तिनं घागर कट्ट्यावर टेकली. श्रीपती शेजारीच बसला होता, पण त्याला ती कोण ते आठवत नव्हतं.

"चुकून म्हणाया येतंय मला," ती म्हणाली. "पण दादा, घर खायाला उठलं हुतं. ह्यांनी दारू सोडली आन माझ्यासंगट बोलणंबी सोडलं. मला त्या वाजवण्याची लई याद यायची. हाक मारताना माझं मन कुठं हुतं, मलाच ठावं न्हाई." मग तिनं श्रीपतीकडं बघितलं, त्याच्या आरपार दिसणाऱ्या भिंतीकडंही. "किती दिस टिकतील?"

"नाव गेलं की संपलं. आज दोनदा सांगावं लागलं."

"मी हाक मारते."

"आतला आधी ओ देईल. तो हाकेला टपलेलाच असतो. आणि नावही दोघांचं एकच."

ती घागर कमरेवर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी श्रीपतीचा हात हातात घेऊन बसलो होतो. हात कसला, थंड वाफ. म्हटलं, नाव सांग. तो माझ्याकडं भल्या माणसासारखा बघून हसला. एवढ्यात आतून शेवंताक्काचा आवाज आला, नव्या नवरीचा यावा तसा.

"ते वाजवा की. आपल्या वरातीतलं."

त्याच्या वरातीत बँडचा एक माणूस कमी पडला होता, तेव्हा श्रीपतीनं बाशिंग बांधूनच क्लॅरिनेट हातात घेतलं होतं. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या चालीत शेवटी एक लांब सूर येतो. बाकीचे वाजवणारे दम खाऊन तो तोडतात. श्रीपती कधी तोडायचा नाही.

आत तो वाजवू लागला. मी ऐकत होतो आणि मला कळत नव्हतं की ही बाई काय करते आहे. मग लांब सूर लागला. शेवंताक्का उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पदर नीट होता.

तिनं मोठ्यानं हाक मारली, "श्रीपती!"

उभ्या जन्मात तिनं ते नाव असं घेतलं नव्हतं. आत सूर थरथरला. ओठांत क्लॅरिनेट असलेला माणूस ओ कशी देणार? सोडायचं तर सूर तुटतो. आणि तो गडी सूर तोडणारा नव्हता.

"श्रीपती!"

कट्ट्यावरचा माझ्याकडं वळला. "कुणाला बोलावत्यात वो?"

"तुला," मी म्हणालो. "ओ दे."

"मला?"

"तुलाच रे बाबा! ओ दे!" मी ओरडलो. मंडळाच्या नियमात ओरडणं बसत नाही.

त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. "ओ," तो म्हणाला. इतकं हळू की मला वाटलं, फुकट गेलं. पण सूर थांबला, माझ्या हातातली वाफ निघून गेली, आणि शेजारी तो येऊन बसला. क्लॅरिनेट हातात, दम लागलेला. बंद होणाऱ्या दाराकडं त्यानं बघितलं.

"चांगलं वाजलं न्हवं मामा?" त्यानं विचारलं.

"चांगलं वाजलं," मी म्हणालो, आणि मग निवडणुकीचं काढलं.

श्रीपती भाकरी-आमटीवर पुन्हा भरत आला. आता त्याच्या पाठीमागची भिंत दिसत नाही. मंडळात खुर्ची परत मिळाली, चहाही मिळतो. येत्या गटारीला माझ्या कट्ट्यावर तोच बसणार आहे. आमच्या गावातल्या बायका आता नवऱ्यांना नावानं हाक मारतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, गाव सुधारलं.

त्याच्यातला पिणारा रोज कट्ट्यावर येतो, क्लॅरिनेट घेऊन. आधी गाणी जातात हे शेवंताक्काला ठाऊक आहे. पहिल्यांदा जलद चाली गेल्या, मग वरचे सूर. वरातीतली चाल सगळ्यांत शेवटी राहिली, तीही मधूनमधून फाटलेली. ती वाजत असली की आत भाकरी थापल्याचा आवाज बंद व्हायचा. शेवंताक्का दाराशी मात्र कधी आली नाही.

काल त्यानं क्लॅरिनेट ओठांना लावलं, डोळे मिटले, आणि नुसती हवा गेली. तरी तो वाजवत राहिला, बोटं बरोबर पडत होती. मी निवडणुकीचं काढलं नाही.

आत श्रीपती जेवत होता. त्यानं विचारलं, "शेवंते, वारं सुटलंय का गं भाईर?"

तिचे भाकरीवरचे हात थांबले. हवा शेवटच्या लांब सुरापर्यंत आली, आणि न तुटता संपली.

"व्हय," ती म्हणाली. "वारंच हाय. जेवा तुमी."