सायकल राहिली, बाई रंगल्या

"आज बाईंच्या तोंडून 'शाब्बास' वदवून घेतलं नाही, तर नाव बदलून टाकीन!"

सकाळी सकाळी आरशासमोर उभं राहून झकासरावांनी अशी गर्जना केली. नाव बदलायला त्यांचं काही जाणार नव्हतं म्हणा! झकासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठलंही काम हातावेगळं झालं की दोन पावलं मागे सरकून स्वतःच "झकास!" म्हणायची त्यांची खोड, म्हणून लोकांनीच ते दिलेलं.

झकासराव पावडर कोटिंगवाले. म्हणजे ब्रश नाही, ओला रंग नाही. रंगाची पिठासारखी कोरडी पूड असते, ती बंदुकीतून उडवायची. बंदूक त्या पुडीवर विजेचा प्रभार चढवते, आणि समोर हुकाला टांगलेली लोखंडी वस्तू हुकातून, तारेतून थेट जमिनीशी जोडलेली असते. झालं! पूड आपली आपण धावत जाऊन वस्तूला बिलगते, अगदी पाठीमागेसुद्धा वळसा घालून! मग वस्तू भट्टीत भाजली की रंग पक्का. घरामागच्या शेडमध्ये एक बंदूक, एक भट्टी आणि वस्तू टांगायचं एक मोठं पत्र्याचं खोकं, पुढून उघडं. एवढाच पसारा, पण झकासराव त्याला 'प्लांट' म्हणायचे.

आणि बाई कोण? बाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. पण त्याही आधी त्या त्यांच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या बाई! लग्नाला इतकी वर्षं झाली तरी 'आई' म्हणायला जीभ वळत नव्हती. कारण परीक्षेत एकदा बाईंनी धन प्रभाराभोवतीच्या क्षेत्ररेषा काढायला सांगितल्या होत्या. यांनी गोल काढला, त्यातून चहूकडे रेषा काढल्या, इथवर सगळं बरोबर होतं. पण काढता काढता त्यांना तो उगवता सूर्य वाटायला लागला. मग खाली डोंगर आले, दोन पक्षी आले, एक झोपडी आली. बाईंनी शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, 'पक्षी चांगले आहेत.' ते शून्य झकासरावांच्या काळजात रुतून बसलं होतं. पुढे बाईंनी पोटची मुलगी दिली, पण 'शाब्बास' म्हणून काही म्हटलं नाही!

आता बाई निवृत्त झाल्या होत्या. ज्या सायकलवरून त्या जन्मभर शाळेत गेल्या, ती गंजत पडली होती. त्यांनी स्वतःहून निरोप धाडला, "सायकल गडद निळी करून दे. मी समोर उभी राहून बघणार आहे."

झकासरावांना आभाळ ठेंगणं झालं. बायको बाईंना आणायला गेली, तशी यांनी शेड झाडली, पुसली. आणि मग त्यांची नजर हुकांवर गेली. गंजके, काळे, वर्षानुवर्षांचे हूक! बाई काय म्हणतील? झकासरावांनी बंदूक उचलली, सगळे हूक गुलाबी करून टाकले आणि छान खरपूस भाजून पुन्हा खोक्यातल्या दांड्याला ओळीने लटकवले. गंज घासून, टायर-सीट काढून ठेवलेली सायकल त्यावर टांगली. पायात नवे, जाड रबरी तळव्यांचे बूट घातले, हातात नवे जाडजूड हातमोजे चढवले आणि दोन पावलं मागे सरकले.

"झकास!"

बाई आल्या. पांढरेशुभ्र सुती कपडे, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि नजर तीच, वर्गातली. ती शेडभर फिरली आणि हुकांवर येऊन थांबली.

"हे गुलाबी का?"

"सौंदर्यदृष्टी, बाई!"

"हं," बाई म्हणाल्या. हे 'हं' झकासरावांच्या चांगल्या ओळखीचं होतं. पण आनंदाच्या भरात त्यांनी ते कौतुकात जमा केलं.

बायकोने सगळ्यांना मास्क दिले. "अहो, पंखा लावा हं आधी," असं सांगून ती भट्टीकडे वळली. उडालेली पूड ओढून घ्यायला खोक्यात एक पंखा होता. पण तो असा काही घरघरायचा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये! आणि झकासरावांनी तर भाषण पाठ केलं होतं. त्यांनी पंखा लावलाच नाही.

"या बाई, अशा पुढे या! ही कड धरून उभ्या राहा, म्हणजे सगळं नीट दिसेल."

बाईंनी खोक्याची लोखंडी कड घट्ट धरली.

"तर बाई, या पुडीवर मी ऋण प्रभार चढवतो," मास्कच्या आतून भाषण सुरू झालं. "सायकल जमिनीशी जोडलेली आहे. आता या पुडीला सायकलशिवाय जगात दुसरं कुणी दिसणार नाही. बघाच तुम्ही!"

खटका दाबला. भुस्सकन निळा ढग निघाला. सायकलच्या दांडीवर जराशी निळाई धरली, आणि थांबली. नुसती थांबली नाही, तर मागून येणारी पूड सायकलपाशी जाऊन मुरडून परत फिरायला लागली!

"लाजतेय जरा," झकासराव म्हणाले आणि बटण फिरवून वीज वाढवली.

"अहो!" भट्टीकडून बायको ओरडली.

"मधे बोलू नकोस!"

"अहो, पण आई..."

"आईंनाच तर समजावून सांगतोय!"

वीज आणखी वाढली. पूड भसाभसा उडत होती, सायकल मात्र ढिम्म! मग एवढी पूड जातेय तरी कुठे? पुडीचा डबा पार रिकामा झाला, तेव्हा कुठे झकासरावांनी मान वळवली.

बाई निळ्या झाल्या होत्या!

अंबाडा निळा, भुवया निळ्या, चष्मा निळा, कपडे गडद निळे. नुसत्या समोरून नव्हे, पाठीमागेसुद्धा वळसा घालून! कुठे ओघळ नाही, कुठे जागा सुटलेली नाही. खरं सांगायचं तर इतकं सफाईदार काम झकासरावांच्या हातून आजवर झालं नव्हतं. सवयीने ते दोन पावलं मागे सरकले आणि तोंडून निघून गेलं, "झक..."

बायकोने धावत येऊन बंदुकीची वीज बंद केली आणि ती तोंडावर हात धरून उभी राहिली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. एक हात कडेवर तसाच ठेवून दुसऱ्याने त्यांनी चष्मा काढला, मास्क खाली ओढला.

"सरळ उभा राहा."

झकासराव उभेच होते, ते आणखी उभे राहिले.

"हूक कशाने रंगवलेस?"

"अशाच पावडरीने, बाई."

"भाजलेल्या रंगातून वीज जाते?"

"नाही, बाई."

"मग सायकल जमिनीशी जोडलेली होती?"

"न... नव्हती."

"पहिली पूड चिकटली. पुढची का परत फिरली?"

झकासरावांना दरदरून घाम फुटला. आणि काय आश्चर्य! इतक्या वर्षांनी डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाई! पहिल्या पुडीचा ऋण प्रभार सायकलवरच साठला! त्याला जायला वाटच नाही! पुढची पूडही ऋणच. मग सारखे प्रभार एकमेकांना ढकलणारच की!"

"आणि माझ्याकडे का आली?"

"कड जमिनीशी जोडलेली, आणि तुम्ही कड धरलेली! क्षेत्ररेषा तुमच्या अंगावरून निघून थेट बंदुकीकडे, आणि ऋण पूड त्याच रेषांवरून उलटी, थेट तुमच्या अंगावर!"

"डोंगर?"

"नाहीत, बाई. पक्षीसुद्धा नाहीत."

बाईंच्या निळ्या भुवया वर गेल्या. डोळ्यांत काहीतरी चमकलं. ओठ उघडले.

"शा..."

झकासरावांचा ऊर भरून आला! नेमकी भुवईवरची चिमूटभर पूड घसरून बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर बसली होती. झकासरावांनी हातमोजा काढला आणि ती पुसायला मोठ्या मायेने एक बोट पुढे केलं.

जाड रबरी बूट, जाड हातमोजे आणि इतका वेळ त्या ढगात उभा असलेला माणूस! सायकलवर जे साठलं होतं तेच झकासरावांवरही साठलं होतं, आणि त्यालाही जायला वाट मिळाली नव्हती. ती आता मिळाली.

चट्ट!

नाकाच्या शेंड्यावर ही टपोरी ठिणगी! बाईंनी अशी उडी मारली, की अंगावरची निम्मी पूड जागच्या जागी खाली आली. उरलेलं 'ब्बास' कुठल्या कुठे गेलं.

"तोंडी परीक्षेत पास," नाक धरून बाई म्हणाल्या. "प्रात्यक्षिकात नापास!"

मग बायकोने वाऱ्याच्या नळीने आईला झटकून झटकून पुन्हा पांढरं केलं. पूड भाजलेली नव्हती, हे नशीबच. झकासराव कोपऱ्यात उभे होते आणि त्यांना कुणी बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानस घेतली आणि एक हूक रंग जाईपर्यंत घासला. हूक अगदी ओरखड्या-ओरखड्यांचा, बघवत नाही असा झाला. पायात जुनेच बूट, पंखा घरघर घरघर चालू, भाषण रद्द. बाई आल्या आणि दोन्ही हात पाठीशी बांधून, कशालाही न शिवता, पार दाराशी उभ्या राहिल्या. पूड मुकाट सायकलला जाऊन बिलगली. भट्टीतून सायकल बाहेर आली ती अशी निळीशार, की नवी कोरी वाटावी.

बाई हळूहळू जवळ आल्या. वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. आणि मग भर शेडमध्ये, बायको साक्षीला असताना, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शाब्बास!"

झकासरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. 'ऐकलंस ना?' अशा थाटात त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई, माझं काय त्यात, ही सगळी तुमचीच..."

"तुला नाही रे," बाई म्हणाल्या. "हुकाला म्हटलं."