आडवं चालणाऱ्या शकूआत्या

शकूआत्यांच्या घरात सरळ चालायला मनाई आहे. पाहुण्यानं दारातून पाऊल टाकलं की त्या त्याचा दंड धरतात आणि "सरळ नाय, आडवं चाला, आडवं!" म्हणत त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेतात, मगच खुर्ची देतात. एकदा आमच्या नणंदेला बघायला आलेली मंडळी पत्ता चुकून आधी त्यांच्याकडे गेली. नवऱ्यामुलासकट सगळे खेकड्यासारखे चालून आले. लग्न मात्र जमलं.

या सगळ्याला कारण म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात, छताखाली बसवलेला काडेपेटीहून थोडा मोठा, पांढरा सेन्सर. आत्यांचा मुलगा महेश पुण्याला नोकरी करतो, त्यानं तो लावून दिला. आत्या त्याला 'डोळा' म्हणतात. तो चोरांसाठी आहे, असं त्यांनी बजाजनगरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आता आत्यांच्या घरात चोरण्यासारखं काय, तर एक शिलाई मशीन आणि पाण्याचे दोन ड्रम. पण ती दुष्काळाची वर्षं होती. तिकडं शहराबाहेर पार करमाडपर्यंत प्लॉट पडत होते, इमारती उठत होत्या आणि आमचा नळ नुसती हवा सोडत होता. चोर आलाच असता तर ड्रमसाठीच आला असता, म्हणून कुणी आत्यांना हसलं नाही.

आत्यांनी उभा जन्म शाळेत मुलींना शिवण शिकवलं. त्यामुळं समोरच्याला समजलंय की नाही याची त्यांना फिकीर असते, आणि समजलं असलं तरी त्या पुन्हा सांगतात. मला त्यांनी हा डोळा किमान दहादा समजावला असेल.

"ह्यो बघत नाय बरं का. आंधळाच हाय. पण त्याला अंगाची ऊब कळती. आता समज, हॉलमधी पट्ट्यापट्ट्याची सतरंजी अंथरलीय. तू ह्या पट्ट्यातून त्या पट्ट्यात गेलीस, की तुझी ऊब बी गेली. झालं, त्याला खबर लागली, लाल दिवा लागला! सरळ त्याच्या अंगावर गेलीस तर एकाच पट्ट्यात चालत ऱ्हातीस, त्याला पत्ताच लागत नाय. अन् गुमान बसून राहिलीस, तर तू त्याच्या हिशेबी नाहीसच."

"म्हणजे माझ्या आडवं येऊ नका म्हणणारी माणसं इथं कामाची नाहीत," मी म्हटलं.

"तुला चेष्टाच सुचती," आत्या म्हणाल्या आणि मला पुन्हा एकदा आडवं चालवलं.

आत्या बाहेर गेल्या की डोळ्याला भोंगा जोडलेला असायचा. एका संध्याकाळी त्या कुणाच्यातरी बारशाला गेल्या आणि खिडकीतून बोका आत शिरला. मांजर आडवं गेलं की घात होतो म्हणतात, ते त्या दिवशी पटलं. भोंगा असा काही कोकलला की सगळी गल्ली बाहेर धावली. पण चोराला धरायला नव्हे. टँकर आला असं वाटून! कुणाच्या हातात हंडा, कुणाच्या खांद्यावर पाइप, आमचे हे तर लुंगीवर दोन्ही हातांत बादल्या घेऊन सगळ्यांच्या पुढं. खरोखर चोर असता तर लोकांनी त्यालाही रांगेत उभं केलं असतं. आत्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दारात नंबरावरून भांडण जुंपलेलं होतं.

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना मे महिना आला. एका दुपारी मी विरजण मागायला गेले, तर आत्या हॉलमध्ये डोक्याखांद्यावरून ओलाकच्च टॉवेल घेऊन येरझारा घालत होत्या. फरशीवर पाण्याचे ओघळ. टँकरचा कित्येक दिवस पत्ता नव्हता, दोन्ही ड्रमांनी तळ गाठला होता. माझा तोल गेला.

"आत्या, डोकं फिरलं का? लोक भाजी धुतलेलं पाणी जपून ठेवताहेत आणि तुम्ही प्यायचं पाणी फरशीवर सांडताय!"

"दम धर जरा. उन्हानं भिंत बी तापली अन् मी बी तापले. त्याला आता भिंत कोणती अन् म्हातारी कोणती, कळंना. कवाधरनं चालतेय, दिवा लागंना. गार झाले तरच दिसंन त्याला."

"अहो, पण चोर कुठंय?"

"चोर कामून येतोय मरायला हितं?" आत्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "डोळा चोरासाठी नाय, माझ्यासाठी हाय. मागं न्हाणीत पडले, मनगट मोडलं. महेश रोज फोन करायचा, मी म्हणायची, मजेत हाय. अचानक आला अन् सुजलेला हात बघितला. रागवला नाय. दुसऱ्या दिवशी ह्यो डोळा बसवला. मी हलले की त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. दुपारच्या सुट्टीत तो आधी मेसेज बघतो, मग डबा उघडतो. सूनबाईनं सांगितलं मला."

"मग सरळ फोन करून सांगा ना, बरी आहे म्हणून."

"फोनवर मी बरीच असते गं," आत्या म्हणाल्या. "त्याला माझ्या बोलण्याचा भरवसा नाय राहिला. ह्या डोळ्याला मात्र खोटं सांगता येत नाय."

तेवढ्यात टॉवेल वाळायलाही लागला होता. मी बादलीतलं उरलंसुरलं पाणी तांब्यात घेतलं आणि आत्यांच्या खांद्यावर ओतलं. त्यांनी पदर खोचला आणि त्या पुन्हा निघाल्या.

कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकला.

आत्या जागीच थांबल्या. मान वर करून त्या डोळ्याकडं बघत म्हणाल्या, "जेव रे बाबा आता."

मग त्या स्वतःचं ताट वाढून घ्यायला आत गेल्या.